हार्डनर अंदाजाने टाकणाऱ्या भावड्यांसाठी

मागच्या आठवड्यात सिन्नरहून भाच्याचा फोन आला. त्याने माळेगाव एमआयडीसीत छोटा गाळा भाड्याने घेतलाय, फायबरच्या कुंड्या आणि कूलरच्या बॉडी काढतो, आणि आवाज असा की कोणीतरी मागे लागलंय. "मामा, रेझिन मगातच जेल झालं, ब्रश अडकला त्यात." म्हटलं हार्डनर किती टाकलं? "टाकलं ना, नेहमीसारखं." नेहमीसारखं म्हंजे किती? "दोन झाकणं." कसलं झाकण? यावर साहेब गप्प. मग मागून त्याच्या हेल्परचा आवाज आला, "तेलाच्या कॅनचं."

मी नाशिकच्या अंबडला पंधरा-सोळा वर्षं फायबरचं काम करतोय, आणि खोटं कशाला बोलू, पहिली चार-पाच वर्षं मीही झाकणानेच टाकायचो. ज्याच्या हाताखाली शिकलो तो मिस्तरी तर झाकणही वापरायचा नाही, कॅन तिरका करून धार सोडायचा आणि मनात मोजायचा. काम व्हायचं. म्हणूनच ही सवय सुटत नाही, कारण शंभरातल्या नव्वद वेळा काही होत नाही. उरलेल्या दहा वेळांत काय होतं ते सांगायला बसलोय, पण त्यासाठी आधी हे हार्डनर करतं काय ते नीट समजून घ्यावं लागेल. ते एकदा डोक्यात बसलं की काय करायचं नि काय नाही याचे नियम पाठ करायची गरजच पडत नाही, आपोआप सुचतात.

तर आधी रेझिन, ज्यात काचेच्या तंतूंची मॅट भिजवून आपण फायबरचा माल काढतो. डब्यात जे मधासारखं घट्ट असतं ते म्हंजे पॉलिस्टरच्या लांब लांब साखळ्या, स्टायरीन नावाच्या पातळ, उग्र वासाच्या द्रवात विरघळवलेल्या. साधारण ३५ ते ४५ टक्के तर स्टायरीनच असतं. शेवयांची खीर डोळ्यासमोर आणा, शेवया म्हंजे पॉलिस्टर आणि दूध म्हंजे स्टायरीन. आता रेझिन कडक होतं तेव्हा ही खीर वाळत नाही बरं का, इथेच निम्म्या लोकांची गल्लत होते. रंग वाळतो, चुना वाळतो, रेझिन वाळत नाही. त्यातलं स्टायरीन एका शेवईला दुसरीशी बांधत जातं, सगळीकडून गाठी पडतात, आणि खिरीचं एक अखंड जाळं होतं. मग ते परत पातळ होणं नाही. आणि या गाठी पडताना उष्णता निघते, भरपूर निघते, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पण गाठी मारायला सुरुवात कोणीतरी करून द्यावी लागते. ते काम हार्डनरचं. आपण हार्डनर म्हणतो, कोणी कॅटॅलिस्ट म्हणतं, कॅनवर लिहिलेलं असतं एमईकेपी, म्हंजे मिथाइल इथाइल कीटोन पेरॉक्साइड. यातला शेवटचा शब्द महत्त्वाचा. पेरॉक्साइड म्हंजे ज्यात ऑक्सिजनला ऑक्सिजन जोडलेला आहे. आणि ही जोडी म्हंजे एकाच दाव्याला बांधलेले दोन मारके बैल. दावं कमजोर, दोघांना एकमेकांजवळ राहायचं नाही, जरा काही खुट्ट झालं की दावं तुटतं आणि दोघं मोकळे सुटतात. सुटलेला प्रत्येक तुकडा मग जे समोर येईल त्याला भिडतो. रेझिनमध्ये सुटला तर स्टायरीनला भिडतो आणि गाठी मारायचं काम सुरू होतं, आपल्याला तेच हवंय. कॅनमध्ये सुटला तर आग. डोळ्यात सुटला तर डोळा. पदार्थ तोच, गुण तोच, फक्त बैल कुठे सुटले एवढाच प्रश्न.

एक गंमत सांगतो, कॅटॅलिस्ट हे नाव मुळात चुकीचं आहे. खरा कॅटॅलिस्ट काम करून देतो आणि स्वतः शाबूत राहतो. एमईकेपी तर तुटून संपून जातं, काडीपेटीतल्या काडीसारखं. खरा कॅटॅलिस्ट आपल्या शेडमध्ये दुसराच आहे, ज्याला आपण अॅक्सिलरेटर म्हणतो, तो जांभळा कोबाल्ट. एमईकेपी एकटं असेल तर नेहमीच्या हवेत ते फार सावकाश तुटतं, रेझिन तासन्‌तास तसंच राहतं. कोबाल्ट येऊन ते दावं कापतो, स्वतःचं काही न गमावता पुढच्या जोडीकडे जातो, तिचं कापतो, असं चालूच. म्हणून चिमूटभर कोबाल्टने पंधरा-वीस मिनिटांत रेझिन गाठ धरतं.

आणि आता यातूनच या धंद्यातला सगळ्यात मोठा नियम निघतो. कोबाल्ट आणि एमईकेपी थेट एकमेकांत कधीच मिसळायचं नाही. थेंबाला थेंबसुद्धा नाही. रेझिनमध्ये दोन्ही विखुरलेले असतात, मधे किलोभर रेझिन आहे, उष्णता पसरते, काम हळू चालतं. पण दोघं निव्वळ एकत्र आले तर सगळी दावी एका दमात कापली जातात, ते उकळतं, धूर येतो, पेट घेतं, मोठं प्रमाण असलं तर स्फोट. त्यामुळे क्रम ठरलेला आहे, आधी कोबाल्ट रेझिनमध्ये टाकून तळापासून नीट ढवळा, बादलीच्या कडा खरवडून ढवळा, रंग एकसारखा झाला की मगच एमईकेपी. बाजारात कोबाल्ट आधीच घातलेलं रेझिनही मिळतं, गुलाबीसर दिसतं बऱ्याचदा, पण रंगावर जाऊ नका, दुकानदाराला विचारा. त्यात तुम्ही वरून आणखी कोबाल्ट घातला तर भाच्यासारखं मगात जेल होणार.

क्रम सगळ्यांना माहिती असतो हो. चूक वेगळ्याच जागी होते. एकच सिरिंज दोन्हीला वापरतात. एकच मापाचा ग्लास, "पुसून घेतला ना." दोन्ही कॅन एकाच फळीवर, कोबाल्ट वर, हार्डनर खाली, आणि कोबाल्टच्या कॅनच्या तोंडाला नेहमी एक जांभळा ओघळ असतोच. किंवा कोबाल्ट ज्या चिंध्यांनी पुसला त्याच चिंधीने हार्डनरचं सांडलेलं पुसलं. आमच्याकडे आता हार्डनरच्या सिरिंजला पांढरी पट्टी आणि कोबाल्टच्या सिरिंजला जांभळी, आणि दोन्ही कॅन शेडच्या दोन टोकांना. चालावं लागतं थोडं, चालू दे.

माप. कंपनीने दिलेल्या पत्रकात बहुतेक रेझिनला एमईकेपी १ ते २ टक्के सांगितलेलं असतं, वजनावर. म्हंजे १ किलो रेझिनला १० ते २० ग्रॅम. एमईकेपी पाण्यापेक्षा थोडं जड आहे, त्यामुळे १५ ग्रॅम म्हंजे सिरिंजवर साधारण १३ मिली. पाचशे रुपयांचा किचनचा इलेक्ट्रॉनिक काटा मिळतो, तो घ्या, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवा आणि वापरा. तेलाच्या कॅनचं एक झाकण किती मिलीचं असतं ते मी त्या दिवशी भाच्याला मोजायला लावलं, ११ मिली निघालं, आणि तो दोन झाकणं टाकत होता साधारण पाऊण किलोला. म्हंजे तीन टक्क्यांच्या वर, तेही एप्रिलच्या दुपारी, पत्र्याखाली. मग मगात जेल होणार नाही तर काय लोणी निघणार?

जास्त टाकलं तर लवकर सेट होतं एवढंच नाही, एका मर्यादेनंतर माल खराब होतो. एमईकेपी निव्वळ कधीच विकत नाहीत, ते धक्क्यानेही फुटू शकतं इतकं चंचल असतं, म्हणून त्यात फ्थॅलेटसारखा तेलकट द्रव घालून त्याला थंड डोक्याचं केलेलं असतं. तुम्ही जेवढं जास्त हार्डनर ओतता तेवढं ते तेलही जास्त जातं, आणि ते जाळ्यात गुंफलं जात नाही, नुसतं मधे बसून राहतं, माल मऊ पडतो. कमी टाकलं तरी बोंब, गाठी अर्धवट राहतात, पृष्ठभाग चिकट, आणि उरलेलं स्टायरीन महिनोन्‌महिने वास मारत राहतं. पाण्याच्या टाकीला असं केलं तर गिऱ्हाईक आयुष्यभर आठवण काढेल तुमची.

आता नाशिकची हवा. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत सकाळी शेडमध्ये १० डिग्री, निफाडकडे तर त्याहून खाली, आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी चाळीशी. थंडीत रेझिन सेट होईना म्हणून लोक हार्डनर वाढवत सुटतात. त्याऐवजी रेझिनचा डबा आदल्या रात्री उबदार खोलीत ठेवा, काम अकरानंतर सुरू करा, आणि साधारण १५ डिग्रीच्या खाली लॅमिनेशन, म्हंजे मॅटवर रेझिनचे थर चढवणं, करूच नका. उन्हाळ्यात उलटं, सकाळी सहाला सुरू करून अकराला बंद, हार्डनर पत्रकातल्या किमान आकड्यापर्यंत आणि मिक्स लहान लहान. पावसाळ्याचं वेगळं रडगाणं आहे, दमटपणाचं, ते परत कधीतरी.

साठवण. हा भाग जरा सावकाश वाचा. कांद्याच्या चाळीत ओला कांदा भरला की काय होतं हे नाशिककराला सांगायला नको. बाहेरून चाळ ठीक दिसते, आत मधोमध कांदा तापायला लागतो, ती ऊब बाहेर पडत नाही म्हणून आणखी तापतो, आणखी तापला म्हणून आणखी जोरात सडतो. एमईकेपीचं तसंच आहे. ते कॅनमध्ये पडल्या पडल्यासुद्धा अगदी थोडं थोडं तुटतच असतं, आणि तुटताना उष्णता देतं. हवा थंड असली तर ती उष्णता निघून जाते. पण एका तापमानाच्या पुढे आत तयार होणारी उष्णता बाहेर पडणाऱ्या उष्णतेपेक्षा जास्त होते, आणि मग ते कोणाच्या बापाला थांबत नाही, स्वतःच स्वतःला तापवत सुटतं. नेहमीच्या मालासाठी हा आकडा सुरक्षा पत्रकात ६० डिग्रीच्या आसपास दिलेला असतो. साठा जितका मोठा तितका हा आकडा खाली येतो, कारण उष्णतेला बाहेर पडायला वाट लांब. म्हणून साठवायला ३० डिग्रीच्या खाली सांगतात.

"साठ डिग्री कुठे होतंय?" असं म्हणणाऱ्यांनी मे महिन्यात दुपारी दोनला पत्र्याच्या लगत थर्मामीटर लावून बघावा. मी लावला होता, वरच्या फळीवर ४९. आणि उन्हात उभ्या टेम्पोच्या केबिनमध्ये, काचा बंद, तर विचारूच नका. हार्डनर आणायला गेलात तर तो डॅशबोर्डवर ठेवून जेवायला ढाब्यावर थांबू नका. घरच्या फ्रिजमध्येही नको, एकतर तिथे खाण्यापिण्याचं असतं आणि दुसरं म्हंजे साध्या फ्रिजच्या आत स्विच, थर्मोस्टॅटची ठिणगी असते. सगळ्यात सोपा उपाय म्हंजे महिनाभर पुरेल एवढंच आणा. जुना माल ताकद गमावतो, मग माणूस जास्त ओततो, परत तेच चक्र.

कॅन मूळचाच ठेवा. त्याचं झाकण साधं नसतं, आत तयार होणारा वायू हळूच बाहेर सोडणारं असतं, म्हणून कॅन उभाच ठेवायचा, आडवा नाही, आणि झाकणाला टेप गुंडाळून "पॅक" करायचं नाही. काढलेलं उरलं तर परत कॅनमध्ये ओतायचं नाही, कारण त्याच्यासोबत काय धूळ, गंज, कोबाल्टचा कण गेला ते तुम्हाला दिसणार नाही. गंजकं लोखंड, तांबं, पितळ, या सगळ्यांना ते दावं कापायची सवय आहे, त्यामुळे माप, चमचा, फनेल सगळं प्लास्टिकचं. थर्माकोलचे कप मात्र नको, स्टायरीन ते चाटून खातं, एकदा आमच्या नव्या पोराने चहाच्या थर्माकोल कपात रेझिन घेतलं आणि दोन मिनिटांत कपाचा बूड गायब, सगळं त्याच्या चपलेवर. आणि कधी कॅन फुगलेला दिसला किंवा हाताला गरम लागला तर झाकण उघडून बघायचा शहाणपणा करू नका. सगळ्यांना बाहेर काढा, लांब जा, फायर ब्रिगेडला फोन.

अॅसिटोनबद्दल एक वाक्य जोर देऊन. ब्रश धुवायला अॅसिटोन आपण सगळेच वापरतो, पण हार्डनर पातळ करायला अॅसिटोन कधीही नाही, त्यातून मूळ मालापेक्षा कितीतरी जास्त घातक, धक्क्याने फुटणारं काहीतरी बनू शकतं. स्प्रे गन चालवणाऱ्यांनी तर भिंतीवर लिहून ठेवावं.

आता डोळा. २०११ सालची गोष्ट, गणपतीच्या आधीचे दिवस, मंडळाच्या मूर्तीचे मोल्ड चालले होते, रात्रीचे साडेनऊ. नवीन कॅन होता, आतलं सील निघेना, मी स्क्रू-ड्रायव्हरने टोचलं. आत थोडा दाब होताच. फुस्स करून चार-पाच थेंब उडाले, त्यातला एक उजव्या डोळ्यात. चष्मा होता माझा, नंबरचा. त्याच्या वरून आला थेंब. पहिल्या सेकंदाला काहीच वाटलं नाही, पाणी उडाल्यासारखं, आणि मग तिखटाचा हात लागल्यावर होतं त्याच्या दहापट. मी डोळा दाबून धरून तसाच उभा, डोळा दाबून धरणं हेच सगळ्यात चुकीचं, पण सुचतं थोडीच. आमचे अण्णा, तेच मोजून धार सोडणारे मिस्तरी, त्यांनी काही विचारलं नाही. मानगूट धरली, पिंपाच्या नळाखाली डोकं घातलं, दोन बोटांनी पापणी फाकवली आणि धरून ठेवलं. मी शिव्या दिल्या. त्यांनी सोडलं नाही. पिंप संपत आलं तेव्हा पोराला बादल्या आणायला पळवलं. वीस-पंचवीस मिनिटं. मग मोटारसायकलवर मधे बसवून डोळ्याच्या डॉक्टरकडे. डॉक्टरांनी तपासून पहिला प्रश्न विचारला, पाण्याने किती वेळात धुतलं? म्हटलं लगेच. ते म्हणाले, म्हणून दिसतंय.

त्याचं कारण परत तेच बैल. एमईकेपी डोळ्याच्या बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, कॉर्नियाला, जाळत आत शिरतं, आणि पहिल्या काही सेकंदांतच किती आत गेलं त्यावर पुढचं सगळं ठरतं. कायमचं अंधत्व येऊ शकतं. वरून बरं झालं असं वाटून वर्षांनंतर परत त्रास सुरू झाल्याच्या नोंदी डॉक्टरी साहित्यात आहेत. म्हणून पाणी, लगेच, पापण्या उघड्या धरून, कमीत कमी १५ मिनिटं वाहतं, आणि धुऊन झाल्यावर डॉक्टर, आधी डॉक्टर शोधत फिरायचं नाही. लेन्स असेल तर धुता धुता काढा. दूध, गुलाबपाणी, तूप, आईचा पदर गरम करून फुंकर, यातलं काहीही नाही. आणि गॉगल म्हंजे चारी बाजूंनी चेहऱ्याला चिकटणारा, केमिकलचा. नंबरचा चष्मा नाही, उन्हाचा गॉगल नाही, ग्राइंडिंगचा बाजूने उघडा चष्माही नाही. दीड-दोनशे रुपयांत येतो. ओतताना, मोजताना, सील उघडताना घालायचाच, बाकी वेळ नाही घातला तरी मी भांडणार नाही. आमच्याकडे आता मिक्सिंगच्या टेबलापासून सहा पावलांवर नळ आहे आणि त्याच्या वाटेत काही ठेवायचं नाही असा दंडक आहे, कारण डोळे मिटलेला माणूस बादलीला अडखळतो.

पिण्याच्या बाटलीचा विषय निघालाच पाहिजे. एमईकेपी दिसायला अगदी पाणी. पाच किलोच्या कॅनमधून रोजच्या वापराला म्हणून कोणीतरी अर्धा लिटर पाण्याच्या रिकाम्या बाटलीत काढतं, बाटली टेबलावर, शेजारी जेवणाचे डबे. उन्हाळ्यात घामाघूम पोरगा येतो आणि तोंडाला लावतो. एक घोटसुद्धा अन्ननलिका आणि पोट आतून भाजून काढतो, पुढे रक्तातली आम्लता वाढते, लिव्हर-किडनीवर जातं, माणूस दगावू शकतो. असं झालंच तर उलटी करवायची नाही, जे जाताना भाजलं ते येताना परत भाजतं. तोंड धुवा, १०८ ला फोन, आणि कॅनवरचं लेबल किंवा त्याचा फोटो सोबत द्या म्हंजे डॉक्टरला कळेल काय गेलंय. पण मुळात खाण्यापिण्याच्या बाटलीत काढायचंच नाही, चिठ्ठी चिकटवूनही नाही. ज्या पोराला वाचता येत नाही त्याला चिठ्ठीचा काय उपयोग?

सांडलं तर आपला हात पहिला जातो लाकडाच्या भुशाकडे नाहीतर वेस्ट कॉटनकडे. दोन्ही चूक. भुसा, कापूस, कागद, चिंध्या, ही सगळी जळाऊ वस्तू, त्यात पेरॉक्साइड भिनलं की ते तासा-दोन तासांनी आपोआप पेट घेऊ शकतं, तुम्ही शटर पाडून घरी गेल्यावर. ओली वाळू टाका, किंवा नर्सरीत मिळतं ते व्हर्मिक्युलाइट ओलं करून, प्लास्टिकच्या सुपलीने उचला, पाणी भरलेल्या प्लास्टिकच्या बादलीत. कपड्यांवर सांडलं तर कपडे तिथल्या तिथे उतरवा, अंग साबणपाण्याने धुवा आणि कपडे पाण्यात बुडवा, बोळा करून कोपऱ्यात टाकायचे नाहीत.

तसंच उरलेलं मिक्स केलेलं रेझिन. एकदा संध्याकाळी घाईत आमच्याकडे तीन-चार किलो मिक्स उरलं, पोराने बादली तशीच कोपऱ्यात सरकवली. पाऊण तासाने कट्‌कट्‌ आवाज यायला लागला, बर्फाला तडे जातात तसा, बघतो तर बादलीतून पांढरा धूर आणि बादलीची एक बाजू वितळून पोटावर आलेली. मोल्डवर दोन-तीन मिलीमीटरचा थर असतो, उष्णता निघून जाते. बादलीत तोच माल ढिगाने, परत कांद्याची चाळ, आत दीडशे डिग्रीच्या पुढे सहज जातं. शेजारी वेस्ट कॉटनचं पोतं असतं तर हा लेख दुसऱ्याच कोणीतरी लिहिला असता. उरलेलं पत्र्यावर पातळ पसरून उघड्यावर ठेवा नाहीतर बादलीत वरून पाणी ओता आणि बाहेर नेऊन ठेवा. पूर्ण थंड, कडक झाल्यावरच कचऱ्यात.

स्टायरीनचं थोडक्यात. त्याचा फ्लॅश पॉइंट ३१ डिग्रीच्या आसपास आहे, म्हंजे त्या तापमानाला त्याच्या वाफा ठिणगी मिळाली तर पेटतात. आपल्याकडे मार्च ते जून शेड रोज त्याच्या वर असते. वाफ हवेपेक्षा साडेतीन पट जड, खाली बसते, म्हणून छताजवळचा एक्झॉस्ट फॅन नुसता पत्रा थंड करतो, फॅन जमिनीलगत हवा, आणि ठिणगी न उडवणाऱ्या मोटरचा. ग्राइंडिंग वेगळ्या जागी, बिडी शेडच्या बाहेर. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१८ मध्ये स्टायरीनला बहुधा कॅन्सरकारक या गटात टाकलंय, त्यामुळे "वासाची सवय झालीये" ही फुशारकी नाही. रुमाल किंवा साधा मास्क वाफेला अडवत नाही, तो फक्त काचेच्या धुळीला, वाफेसाठी कोळशाच्या काडतुसांचा मास्क लागतो. हातमोजे नायट्राइलचे, फाटले की फेकायचे. मॅटची खाज सुटली तर पाण्याने धुवा.

आग लागलीच तर दोन गोष्टी वेगळ्या समजा. रेझिन पेटलं तर फोम किंवा ड्राय पावडर, पाण्याचा फवारा जोरात मारला तर जळतं रेझिन पसरतं. हार्डनरचा कॅन पेटला तर मात्र वाळू-चादर टाकून गुदमरवायचा प्रयत्न व्यर्थ, कारण त्याचा ऑक्सिजन त्याच्या खिशातच असतो, त्याला थंड करावं लागतं, लांबून भरपूर पाणी. आणि साठा मोठा असेल तर तेही तुमचं काम नाही. १४ जुलै १९६४ ला टोकियोच्या शिनागावा भागात एका गोदामाला आग लागली, आधी नायट्रोसेल्युलोज पेटलं, ती विझवायला जवान जवळ गेलेले असताना तिथला एमईकेपीचा साठा फुटला. १९ अग्निशमन जवान गेले. ज्यांचं आयुष्य आगीत गेलं त्या माणसांना आत काय आहे ते कोणी सांगितलं नव्हतं. म्हणून १०१ किंवा ११२ ला फोन केलात तर "आग लागली" एवढंच नको, "आत पेरॉक्साइड आहे, इतके किलो, अमुक कोपऱ्यात" हे सांगा.

जाता जाता, हार्डनर या शब्दाचा घोळ. इपॉक्सी नावाच्या वेगळ्या रेझिनचंही हार्डनर असतं, ते अमाइन जातीचं रसायन, एमईकेपीशी त्याचा काही संबंध नाही आणि दोघांचं पटत तर अजिबात नाही, एका फळीवर ठेवू नका. गाडीच्या पुट्टीसोबत येणारी लाल ट्यूब बेंझॉइल पेरॉक्साइडची, ती याच बैलांच्या जातीची, पण पेस्ट असते म्हणून जरा गरीब. दुकानात नुसतं "हार्डनर द्या" म्हणू नका.

हे सगळं भाच्याला फोनवर तासभर सांगितलं. काल त्याने फोटो पाठवला. काटा आणलाय, गॉगल आणलाय, कॅन जमिनीवर सावलीत, सिरिंजला पांढरी पट्टी. फोटो बोटांनी मोठा करून बघितला, तर हार्डनरच्या कॅनला टेकून मागे एक जांभळ्या ओघळाची बाटली उभी. परत फोन लावला.